वाघनखाची टोपी

२० ऑक्टोबर १९८५, कराड

आज बॅगा उन्हात टाकल्या. स्वेटर डांबरगोळ्या घालून ट्रंकेत गेले आणि बाळगुटीचा पितळी डबा घासून फळीवर पालथा घातला. जाताना हा डबा भरलेला होता, येताना रिकामा आला. मंडळातल्या बायका भेटेल तिथे विचारतात, अमेरिका कशी आहे, नायगारा पाहिला का. नायगारा पाहिला नाही. मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते, धबधबे बघायला नव्हे. पण इजिप्तचे पाणघोडे आणि बेडूक पाहून आले, तेही अमेरिकेत. मंडळाच्या अंकासाठी तेच लिहिते आहे. ज्यांना धबधबाच हवा असेल त्यांनी पान उलटावं.

माझं इथे औषधांचं दुकान आहे. हे तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून मी एकटी चालवते. खरं म्हणजे हे होते तेव्हाही मीच चालवत होते. ते पाटबंधारे खात्यात, त्यांना कालव्यांपुढे दुसरं काही सुचत नसे. आम्हाला मुलगी एकच, अनघा. ती आणि जावई मकरंद अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठात शिकतात. गेल्या वर्षी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. मला ते फोनवर कळलं, आणि फोनवर काही करता येत नाही. यंदा पुन्हा दिवस राहिले तेव्हा तिने एवढंच सांगितलं, “आई, येताना वाघनख आण.”

आमच्या घरात वाघाचं एक नख होतं, चांदीच्या टोपीत लाखेने बसवलेलं, काळ्या दोऱ्यात ओवलेलं. हे स्वतः बाळ असताना त्यांच्या गळ्यात होतं, नंतर अनघाच्या. चांदीचा पत्रा पातळ, त्यामुळे टोपीवर दातांचे ठसे उमटलेले. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या: हे दोन खोल आहेत ना, ते माझ्या बाळाचे, ही बारीक रांग नातीची. मी स्वतः ताईत-गंडे मानत नाही. वाघाचं नख गोवराला लागू पडत नाही, हे मला दुकानात बसून पक्कं ठाऊक आहे. पण लेकीने मागितलं, म्हणून कापडी पिशवीत घालून बाळगुटीच्या डब्यात ठेवलं.

न्यूयॉर्क, मे महिना

विमानात मला खिडकी मिळाली. ती ह्यांना मिळायला हवी होती. आयुष्यभर नकाशावर नद्या वाचणारा माणूस. वरून खरी नदी दिसली असती तर शेजारच्या रांगेलाही समजावून सांगितली असती. मी झोपून घेतलं.

न्यूयॉर्कला सामान तपासणारा अधिकारी तरुण होता, लालसर मिशांचा आणि बोलायला मऊ. त्याने डबा उघडला. हळकुंड, हिरडा, जायफळ, मुरडशेंग, वेखंड. मुरडशेंगेचा पीळ पाहून त्याने सहकाऱ्याला बोलावलं. मी दुकानात सांगते तसं एकेकाचं काम सांगितलं, हे पोटाला, हे खोकल्याला, हे झोपेला. वेखंड त्याने दोनदा हुंगलं आणि दुसऱ्यांदा शिंकला. सगळं परत डब्यात गेलं. मग त्याने कापडी पिशवी उघडली आणि विचारलं, “इज धिस रिअल?”

इथे आपल्या माणसाचं काय होतं ते सांगते. आपल्याकडे जत्रेत बैलाच्या शिंगाची वाघनखं ढिगाने मिळतात. त्यामुळे ज्याच्या घरी खरं असतं, त्याला त्याचा कोण अभिमान. सासूबाईंच्या तोंडून ‘शिंगाचं नव्हे हो, खरं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मान आपोआप ताठ झाली. शंभर टक्के खरं, वाघाचंच, बैलाचं शिंग नव्हे, असं मी त्याला माझ्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं. तो भला माणूस म्हणाला, नक्की का तुमची खात्री? आता कळतं की तो मला वाट देत होता. मला वाटलं, शंका घेतो आहे. मी पुढे जाऊन हेही सांगितलं की ह्यांच्या आजोबांना ते कोयनेच्या जंगलात मिळालं होतं. त्याने हातमोजे चढवले.

वाघाची कुठलीही वस्तू त्या देशात नेता येत नाही, तसा कायदा आहे. कायदा योग्यच आहे. वाघ उरलेत किती? मी वाद घातला नाही. फक्त म्हटलं, वाघ तुमचा, पण चांदी आमची. तो हसला, जरा विचारात पडला, आणि कुठूनशी एक पक्कड घेऊन आला. लाख कडकन फुटली. टोपीतून निघालेलं नख अगदी लहान दिसलं, अडकित्त्यातून उडालेल्या सुपारीच्या खापेएवढं. एवढ्याशाला आम्ही सगळे भीत होतो आणि एवढ्याशावर विसंबत होतो. काळ्या दोऱ्यासकट रिकामी टोपी मी पर्समध्ये टाकली आणि बाहेर आले.

मकरंद गाडी घेऊन आला होता. गाडी सुरू झाल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो पुण्याचा आहे, गप्प बसणं त्याला जमत नाही.

“आई, ‘शिंग आहे’ म्हणाला असतात तर सुटलं असतं की.”

“वाघ नेताना बैल सांगू?”

“निदान ‘माहीत नाही’ म्हणायचं.”

“मला माहीत होतं.”

त्यावर तो बराच वेळ हसत होता. मग हसू थांबवून म्हणाला, की अनघाला मात्र हे तुम्हीच सांगा.

स्टेट कॉलेज, जून

तिथले डोंगर आपल्यासारखे नाहीत. लांबच लांब, सगळे एकाच उंचीचे, कोणी वरून पाटा फिरवावा तसे. गाव विद्यापीठाचं, विद्यार्थ्यांच्या इमारती, त्यांच्यामधून फिरणाऱ्या विद्यापीठाच्या बस आणि मैलोन्‌मैल हिरवळ. तिच्यावर एक गाय नाही, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. आपल्या सामानाचं दुकान नाही. तुरीची डाळ लांबच्या शहरातून कोणीतरी पोत्याने आणतं आणि सगळे वाटून घेतात. लोक ‘हाय’ म्हणतात पण थांबत नाहीत. सुरुवातीला मी प्रत्येक ‘हाऊ आर यू’ला नीट उत्तर द्यायला उभी राहायची, आणि माणूस पुढे निघून गेलेला असायचा.

वाघनखाचं अनघाला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, “राहू दे गं. शास्त्र थोडंच आहे.” आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

मूल येण्याआधी आपण नवं काही आणत नाही. त्यामुळे अनघाने मैत्रिणींना भेटी आणू दिल्या नाहीत, तेव्हा तिथल्या मराठी मुलींना त्यात काही वावगं वाटलं नाही. आईने शिकवलं असेल, म्हणाल्या. मला मात्र खटकलं, कारण ती जुनंही काही करू देईना. मी माझी मऊ झालेली एक सुती साडी बाळोत्यांसाठी मुद्दाम नेली होती. कात्री लावायला बसले की ती म्हणायची, आत्ता नको आई, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. डॉक्टरीणबाई सगळं उत्तम आहे म्हणत होत्या. ही ऐकून घ्यायची, आणि हात गळ्याशी जायचा, लहानपणी वाघनख चोखायची ना, तिथे. मूल पोटात वाढत होतं आणि घरात त्याच्यासाठी एक चिंधीही नव्हती. हे बरोबर नव्हतं. भीतीला औषध माझ्या दुकानात नाही.

फिलाडेल्फियाजवळ, सातवा महिना

फिलाडेल्फियाच्या बाहेर एक नागपूरकर डॉक्टर आणि त्यांची बायको, कुसुमकाकू, वीसेक वर्षं राहतात. आसपासच्या सगळ्या मराठी विद्यार्थ्यांचं ते माहेर आहे. काकूंनी फोनवर अनघाला हुकूमच सोडला: “काय करून राहिली तू तिकडे एकटी? डोहाळजेवण माझ्याकडे. आईला घेऊन ये.” डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, मकरंदने गाडीत उशा रचल्या आणि आम्ही वाटेत तीन ठिकाणी थांबत पोचलो.

काकूंनी अंगणातला, मुलं मोठी झाल्यावर गंजत पडलेला झोपाळा फुलांनी सजवला होता. मोगरा कुठला? कोबीच्या गड्ड्याएवढी गुलाबी फुलं होती, नाव विचारलं पण लक्षात राहिलं नाही. आंबट सायीचं आणि मऊ चीजचं श्रीखंड होतं. काय चव होती! मी कृती लिहून आणली आहे, पण ते चीज इथे मिळत नाही, तेव्हा मागू नका. शिवाय नागपूरचा वडाभात, वर हिंगाची फोडणी. शेजारच्या दोन अमेरिकन बायका आल्या होत्या, त्या वडाभात खाऊन घाम पुसत होत्या आणि आणखी मागत होत्या. अनघा हिरव्या साडीत झोपाळ्यावर बसली, ओटी भरून घेतली, हसलीसुद्धा. मग काकूंनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, हा आपला जुनाच खेळ.

अनघाने हात मागे घेतला. “नको काकू. हे नको.”

बायकांनी आग्रह केला, चिडवलं. ती पुन्हा नको म्हणाली, यावेळी हळू. काकू समजल्या. वाट्या तशाच झाकलेल्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, चला, गाणी म्हणा. गाणी झाली. माझं लक्ष गाण्यांत नव्हतं.

संग्रहालय, दुसरा दिवस

काकूंची मुलगी रीना तिथेच जन्मलेली. ती फिलाडेल्फियातल्या एका संग्रहालयात काम करते: जुन्या, मोडक्या वस्तू साफ करायच्या, जोडायच्या. मराठी सगळं समजतं, उत्तर अर्धं इंग्रजीत येतं, आणि मधेच आईचं नागपूर डोकावतं. आदल्या दिवशी जेवताना मी वाघनखाची गोष्ट सांगितली होती. सगळे हसले, ही हसली नाही. मला म्हणाली, “मावशी, उद्या माझ्याबरोबर चला. यू हॅव टु सी समथिंग.” मकरंदला काकांनी गाडीचा आवाज तपासायला ठेवून घेतलं. आम्ही तिघी गेलो.

इजिप्तचं दालन म्हणजे मला वाटलं होतं, प्रेतं आणि सोनं. होतंही ते. पण रीनाने आम्हाला भिंतीलगतच्या एका काचेच्या पेटीपाशी नेलं. तिच्यात बोटाच्या पेराएवढे प्राणी रांगेने मांडलेले होते, बहुतेक निळे-हिरवे. मांजर, ससाणा, मगर, नाग, बेडूक, शेणात राहणारा भुंगा. प्रत्येकाला दोरा ओवायला भोक. हजारो वर्षांपूर्वी तिथली माणसं हे गळ्यात, मनगटात, कमरेला बांधत. श्रीमंत सोन्याचे, गरीब या निळ्या भाजलेल्या पुडीचे. वाळूसारखी बारीक पूड मळून साच्यात दाबायची, भाजली की वर आपोआप झिलई येते. गोळ्यांच्या साच्यासारखंच काम. मला लगेच समजलं. एक मासा होता. तो मुलींच्या वेणीला बांधत, नदीत बुडू नये म्हणून. म्हटलं, ही पद्धत आम्हाला कराडच्या संगमावर उपयोगी पडेल. एक चक्क माशी होती. माशीचा ताईत कशाला, असं मी विचारलं, तर रीना म्हणाली की नक्की कोणालाच माहीत नाही. हे मला आवडलं. माहीत नसलेलं माहीत नाही म्हणणारी माणसं थोडी.

ह्यांनी इथे नाईलच्या कालव्यांचं विचारलं असतं. पूर कधी यायचा, पाणी कसं वळवायचे. रीनाला भंडावून सोडलं असतं आणि मी मागून पदर ओढला असता. मागे वळून पाहिलं, तर शाळेच्या मुलांची रांग चालली होती.

मग पाणघोडी दिसली. पाणघोड्याची मादी, दोन पायांवर उभी, पंजे सिंहाचे, पाठ मगरीची, आणि पोट हे एवढं पुढे. तोंड उघडून दात दाखवते आहे. तिचं नाव ताउरेत. पोटुशी बायका हिला बांधत. दिसायला भयंकर, म्हणूनच. नदीत नावा उलटवणारा हा प्राणी, त्यातही पिल्लाजवळची मादी सगळ्यांत वाईट. मग तिलाच आपल्या दारात बसवायचं. गावातल्या दांडग्यालाच रखवालदार नेमावा, तसलं हे डोकं. आमच्या वाघाचंही तेच की. मी हे अनघाला सांगायला वळले, तर ती काचेसमोर उभी होती, कमरेत मागे रेलून, एक हात पोटाखाली. आतली निळी बाई आणि बाहेरची माझी लेक अगदी एकाच ढबीत उभ्या होत्या. 

रीना आम्हाला मागच्या बाजूला, तिच्या कामाच्या खोलीत घेऊन गेली. तिच्या टेबलावर भिंगाखाली अशीच एक पाणघोडी होती, पण मोडकी. डोक्यामागचं भोक तुटलेलं. त्याच्याखाली, पाठीत, कोणीतरी दुसरं भोक पाडलेलं, वाकडंतिकडं. शेजारी पाणघोड्याच्या दाताची एक चपटी, वाकडी पट्टी, तिच्यावर ओळीने प्राणी कोरलेले. बाळंतिणीच्या अंथरुणाभोवती हिने जमिनीवर रेघ ओढत असावेत, असं रीनाने सांगितलं. पट्टीचं टोक घासून झिजलं होतं. मला आपली सटवाईची रात्र आठवली, उशाखालचा विळा आणि दारातली राखेची रेघ. ही पट्टी मधोमध तुटली होती आणि दोन्ही तुकड्यांना भोकं पाडून कधीकाळी दोऱ्याने बांधली होती.

“हे तू जोडलंस?” मी विचारलं.

“नो, मावशी. हे त्यांनीच जोडलं. देन. तेव्हाच.”

अनघा टेबलाजवळ सरकली. आता तिने विचारलं, आणि आवाज अगदी कोरडा होता. “हे बांधून मुलं वाचायची का?”

रीनाने तिच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीचं तिला ठाऊक होतं. त्या घरात सगळ्यांना होतं.

“सगळी नाही. खूप मरायची. आम्हाला छोटी छोटी थडगी सापडतात.” तिने भिंग जरा सरकवून त्या वाकड्या भोकावर आणलं. “बट लुक. तुटलं, तरी फेकलं नाही. परत भोक पाडलं. काऊन? बिकॉज दे नीडेड इट अगेन. नेक्स्ट बेबी. एवढंच मला दिसतं, बाकी मला माहीत नाही.”

अनघा भिंगाला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिली. उठली तेव्हा मला म्हणाली, “आई, टोपी आहे का जवळ?”

पर्समध्ये होती. रीनाने ती मऊ कापडावर ठेवली आणि भिंगाखाली घेतली. मी त्या टोपीकडे वर्षानुवर्षं पाहिलं होतं, पण असं कधी नाही. अनघाची रांग म्हणजे नुसती टिंबं. त्यांच्यावर ते दोन ठसे, खोल, शेजारी शेजारी, एक जरासा तिरका. ह्यांचा दुधाचा दात पडून नवा आला तोही तिरकाच, हसताना दिसायचा. कापडावर ते दोन ठसे आणि आम्ही तिघी. रीना म्हणाली, “हू बिट धिस?” मी सांगितलं.  

मी कामाचं विचारलं. टोपीची कड आता उघडी आणि धारदार आहे, मुलाचा ओठ कापेल, काय भरावं? रीना म्हणाली की त्यांच्या कामाचा एक नियम आहे: जे गेलं त्याची नक्कल करायची नाही. “खोटं नख नको, मावशी. काहीतरी दुसरं घाला. नंतर बघणाऱ्याला कळलं पाहिजे, धिस पार्ट इज न्यू.” मला हे शंभर टक्के पटलं. शिंगाचं नख तर मी मेले तरी बसवलं नसतं.

संध्याकाळी काकूंच्या घरी चहा झाल्यावर अनघा उठली, फ्रीज उघडला आणि उभ्या उभ्या एका वाटीवरचं झाकण काढलं. पेढा होता. तिने तो खाल्ला. मग दुसरी वाटी उघडून बर्फीही खाल्ली. काकू म्हणाल्या, “चावट पोरगी. आता जुळी होतील तुला.” रात्रीच्या स्वयंपाकाला लागायच्या आधी मी काकूंकडे कात्री मागितली, आणि बॅगेत सोबत आणलेली ती सुती साडी काढून तिथेच बैठकीत बसून बाळोती फाडली. अनघा काठ उसवून देत होती.

स्टेट कॉलेज, ऑगस्ट ते ऑक्टोबर

जुळी झाली नाहीत. पेढ्याचंही खरं झालं नाही. मुलगी झाली, सुखरूप, जावळ भरपूर. इस्पितळात सगळं स्वच्छ आणि चोख. बाळंतिणीला दुसऱ्या दिवशी थंडगार फळांचा रस आणि बर्फाचा पेला दिला, तो मी खिडकीत नेऊन ठेवला आणि थर्मासातली अळिवाची खीर दिली. नर्सने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पाचवीला घरात विळा नव्हता, म्हणून भाजीची सुरी गादीखाली घातली. मी मानत नाही हे वर लिहिलंच आहे. पण तिथे घालायला दुसरं कोणी नव्हतं.

टोपीत मी वेखंड बसवलं. जाडसर तुकडा निवडला, सहाणेवर चारी बाजूंनी घासला, टोपीत घट्ट जाईल असा केला, मेणाने कड बंद केली. दिसायला काहीच नाही, बोटाच्या टोकाएवढं भुरं खोड. पण बाळाने चाटलं तर बाधणार नाही, उलट पोट बरं राहील. मकरंद म्हणाला, की वाघाच्या जागी आता आईंचं दुकान आलं. बारशाला ती टोपी पाळण्याच्या दांडीला बांधली. नाव सई ठेवलं. रीना बारशाला आली होती. तिने वेखंडाचा वास घेतला आणि तीही शिंकली.

मग निघायचे दिवस आले. पानं लाल-पिवळी झाली होती. लोक ती बघायला गाड्या घेऊन लांबून येतात. गळणारी पानं बघायला. मी रोज सईला दुपट्यात गुंडाळून इमारतीला चक्कर मारायची. अंगाला घट्ट धरलं की ती माझ्या गळ्याशी तोंड लावून झोपायची. परत गेल्यावर त्या जागेचं काय करायचं, याचा विचार मी केला नाही. उपयोग नसलेले विचार मी करत नाही. तरी चक्कर दर दिवशी थोडी लांबत गेली.

निघण्याच्या आदल्या दिवशी बॅग भरत होते. बाळगुटीचा डबा रिकामा झाला होता. अनघा आली, तिच्या हातात टोपी होती. दोरा सोडवून आणली होती.

“आई, ही तू ने.”

“का?”

“मला आता नाही लागत. सई झाली. आणि त्याच्यावर बाबा आहेत.” मग जरा थांबून म्हणाली, “तुझ्याकडे त्यांचं असं दुसरं काय आहे?”

खरं होतं. चष्मा आहे, पंचांग आहे, कालव्यांचे नकाशे आहेत. चावलेलं दुसरं काही नाही. मी नको म्हटलं नाही. नको म्हणायला हवं होतं असं वाचणाऱ्यांना वाटेल, पण मला ती हवी होती. मी टोपी घेतली, डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा बॅगेत कपड्यांच्या मधोमध घातला. कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून सईला तेल लावलं, आंघोळ घातली, धुरी दिली. मग तिला पायांवर तशीच ठेवून बॅग ओढली, कुलूप काढलं, कपडे उपसले आणि डबा उघडला. वेखंड थोडं सैल झालं होतं, ते अंगठ्याने दाबून बसवलं. नवा काळा दोरा ओवला आणि तिहेरी गाठ मारून दोन्ही हातांनी ओढून पाहिली. गळ्यात काही बांधू नका असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून करगोटा करून कमरेला बांधायचं ठरवलं. बांधण्याआधी चांदीची बाजू तिच्या ओठांना लावली. थंड लागली असेल. तिने तोंड उघडलं, टोपी हिरड्यांत धरली आणि माझ्याकडे बघत घट्ट दाबली, जिथे ते दोन ठसे आहेत तिथेच. मी काढून पाहिली. नवा ठसा उमटला नव्हता. दात यायला अजून वेळ आहे.

करगोटा बांधला, तिला अनघाच्या हातात दिली, आणि रिकामा डबा बॅगेत टाकून कुलूप लावलं.